शीतलबुवांचं लाल फडकं

पनवेलच्या त्या हॉलमध्ये लग्नालाही एवढी गर्दी होत नाही. शीतलबुवा मशीनचे शेक घेतलेल्या आजाऱ्याच्या पोटावर पिवळं फडकं ठेवत, तांब्यातलं तीर्थ शिंपडत आणि फडकं लालभडक होई. “बघा, मशीनचा जाळ निघाला,” बुवा म्हणत. लोक हात जोडत.

गव्हाणची गुणाबाई, माझी सासू, त्या गर्दीत होती. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तिला मशीनने शेक, म्हणजे रेडिएशन, दिले होते. कॅन्सर गेला, पण वर्षभराने शौचातून रक्त पडू लागलं. संडासची घाई तर अशी, की बाजारात मासळी घेऊन बसणंच सुटलं. डॉ. केरेन नवगावकरांनी औषधाचा एनिमा दिला होता, तो बुवांनी बंद करवला. खालून औषध घातलं की म्हणे जाळ वर चढतो. जाळाला जिना ठाऊक असावा.

“आई, रक्त कमी होऊन चालताना धाप लागते तुम्हाला. डॉक्टरांकडे चला.”

“नाय. त्या पोट फाडतील.”

शेवटी मी डॉक्टरांनाच हॉलमध्ये घेऊन आले. त्यांनी सरळ पुढे जाऊन एक फडकं उचललं, बुवांच्या ढेरीवर ठेवलं आणि तीर्थ शिंपडलं. फडकं लाल.

“बुवा, तुम्ही शेक कधी घेतलात?”

“भक्तांचा ताप मी अंगावर घेतो, बाई.”

डॉक्टरांनी दुसरं फडकं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवलं. तेही लाल झालं. “आणि ही खुर्ची?”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

“फडक्याला हळद आहे, तांब्यात चुन्याची निवळी,” डॉक्टर म्हणाल्या. “हळदीला चुना लावूनच कुंकू करतात.”

“मग मदी माजं रगत थांबलं, ते कसं?” सासूने विचारलं.

“ते आपोआपही थांबतं, गुणाबाई, आणि पुन्हा सुरू होतं. थांबलं की बुवांची कृपा, सुरू झालं की तुमचं पाप. शेकाने कॅन्सर मेला, पण शेजारचं आतडं दुखावलं. एनिमाचं औषध त्या जखमेवर लेपासारखं बसतं. तेवढ्याने भागलं नाही, तर दुर्बीण घालून रक्त गळणाऱ्या शिरा बंद करता येतात.”

“कापनार नाय ना?”

“नाही.”

सासू उठली. बुवा मागच्या दाराने कधी गेले, कळलंच नाही.

नुसत्या एनिमाने भागलं नाही, दुर्बिणीचा उपचारही करावा लागला. मग रक्त थांबलं. घाई अजून अधूनमधून होते, पण सासू पुन्हा बाजारात बसते आणि गिऱ्हाइकांशी भांडते.

असलं दुखणं सांगायला लाज वाटते, तिथेच बुवाचं फावतं. बुवापुढे पोट उघडण्याआधी डॉक्टरपुढे तोंड उघडा.