ब्रेक दोनदा दाबावा

गाडी तपासणी केंद्रातल्या पिवळ्या पट्ट्यामागे बाई उभ्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तोंड बंद ठेवावं लागत होतं. भिंतीवर पाटीच होती: गाडीमालकाने पट्टा ओलांडू नये, तपासनिसाला सूचना देऊ नयेत. शेजारच्या सीटवर बसून सूचना देण्यात जिची एकोणीस वर्षं गेली, तिला ही शिक्षाच झाली.

बाईंचा ड्रायव्हिंग क्लास होता. क्लास म्हणजे स्वतः बाई, दारावरचा फळा आणि एक छोटी गाडी. गाडी घेतली तेव्हाच ती दुसऱ्याने वापरून कंटाळून विकलेली होती. आता तिचं वय विचारण्याचा उद्धटपणा कुणी करत नसे. सगळे तिला डबी म्हणत. डबीचं दार वर उचलून, कमरेचा धक्का देऊन लावावं लागे. हॉर्न वाजे, पण स्टिअरिंग जरा डावीकडे वळवलेलं असेल तरच. उजवा दिवा डॅशबोर्डवर थाप बसल्याशिवाय पेटत नसे. आणि ब्रेक पहिल्यांदा दाबला की पाय नुसताच खाली जाई. दुसऱ्यांदा दाबला की गाडी शहाण्या मुलीसारखी थांबे.

आता हे शिकणाऱ्याला सांगायचं कसं? गाडीत खोट आहे म्हटलं की तो समोरच्या क्लासात जाणार. तिथे चार नव्याकोऱ्या गाड्या, त्यातही एक लाल. म्हणून बाईंनी सरळ नियमच करून टाकला. "ब्रेक नेहमी दोनदा दाबावा. पहिल्यांदा गाडीला कळवायचं, दुसऱ्यांदा थांबवायचं." पहिल्या वर्षी हे सांगताना त्यांची जीभ जरा अडखळली. दहाव्या वर्षापर्यंत त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. माणसाचं असंच असतं, चांगल्या आवाजात सांगितलेलं स्वतःलाही पटतं.

आधीचा तपासनीस म्हणजे देवमाणूस. बॉनेटवर दोन टिचक्या मारायचा आणि सही करायचा. तो गेल्या महिन्यात निवृत्त झाला, नवा बदलून आला, आणि नवा फार कडक आहे अशी बातमी होती. डबी नापास झाली तर फेरतपासणीची तारीख एका महिन्यानंतरची. महिनाभर क्लास बंद म्हणजे हातातले सहाही विद्यार्थी लाल गाडीत जाऊन बसणार, आणि मग बाईंनी फळा पुसून घरात बसायचं. त्यात उद्या सकाळी एका नव्या मुलीचा पहिला धडा होता.

तेवढ्यात कपाळाला आठ्या घालून तपासनीस बाहेर आला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हा तर गोगलगाय! बारा वर्षांपूर्वी डबीतच शिकलेला. इतका हळू चालवायचा, की पायी जाणारे लोक पुढे निघून जात आणि मागे वळून हसत.

"बाई, तुम्ही?" आठ्या कुठल्या कुठे पळाल्या. मग त्याला आपल्या पदाची आठवण झाली. "पण हे बघा, ओळख असली तरी तपासणी नियमाप्रमाणेच होणार हं."

"मी काही म्हटलं का, साहेब?"

"साहेब कसला, गोगलगायच म्हणा. फक्त हळू म्हणा. आत माझे सहकारी आहेत."

तो डबीत बसला. दार सहज वर उचलून कमरेने लावलं. बाई बघतच राहिल्या. हॉर्न तपासताना त्याने स्टिअरिंग डावीकडे वळवलं. दिवे तपासायच्या आधी डॅशबोर्डवर थाप मारली, डोकं खाली घालून, कागद भरता भरता. आपण हे करतोय याचा त्याला पत्ताच नव्हता. शेवटी चाकं ब्रेकच्या यंत्रावर चढली. रोलर फिरू लागले, गोगलगायने ब्रेक दाबला, दोनदा, आणि पडद्यावर हिरवा आकडा झळकला.

"ठणठणीत आहे गाडी!" तो काचेतून ओरडला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांना चक्क नाचावंसं वाटलं. गोगलगाय खुशीत फॉर्म भरू लागला. "तुमच्यामुळेच या नोकरीत टिकलो, बाई. सात वर्षं झाली. हजारो गाड्या तपासल्या असतील. पण गंमत सांगू? ब्रेकवर आजपर्यंत एकही गाडी नापास करावी लागली नाही मला. या बाबतीत माझा हात गुणाचा म्हणतात."

बाईंचं हसू तिथल्या तिथे गोठलं. हजारो गाड्या. त्यातल्या किती डबीसारख्या? आणि त्या सगळ्या आता, या क्षणी, कुठल्या कुठल्या रस्त्यांवरून माणसं घेऊन पळताहेत. शिक्का टेबलावरच होता. अजून दोन मिनिटं गप्प राहिलं की काम झालं असतं. गप्प राहणं त्यांना कधी जमलं नव्हतं, पण आजच्याइतकं ते गरजेचंही कधी नव्हतं.

त्यांनी पिवळा पट्टा ओलांडला, डबीचं दुसरं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसल्या. "चालू कर रोलर. ब्रेक दाब. एकदाच."

"एकदाच? म्हणजे कसा?"

"एकदा म्हणजे एकदा!"

त्याने दाबला, दोनदा. बाईंनी डोळे वटारले. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा दोनदा; पाय ऐकेचना. शेवटी बाईंनी त्याचा गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला. पेडल खालपर्यंत गेलं आणि पडद्यावर लाल आकडा आला.

बाईंनी त्याचा गुडघा सोडला.

"तो नियम नव्हता रे," बाई म्हणाल्या. "गाडीत खोट होती. मी शरमेने नियम म्हणून खपवली." आणि मग थांबता येईना म्हणून हॉर्न, दिवा, दार, सगळंच सांगून मोकळ्या झाल्या.

गोगलगाय पांढराफटक पडला होता. त्याने डबीखाली वाकून पाहिलं. "मागच्या चाकांचे ब्रेक सैल झालेत. अर्ध्या तासाचं काम."

"अर्धा तास?" बाई किंचाळल्या. एकोणीस वर्षं आणि अर्धा तास! त्यांना रडूच कोसळलं. गोगलगायने नापासाचा शिक्का मारला, कागद त्यांच्या हातात दिला आणि ताठ चालत साहेबांच्या खोलीत गेला. आपण तपासलेल्या सगळ्या गाड्या परत बोलवा, हे सांगायला.

घरी आल्यावर बाईंनी फळा पुसला आणि नवा मजकूर लिहिला. "ब्रेक दोनदा दाबावा हे मी चुकीचं शिकवलं. गाडी नापास झाली आहे. माझ्याकडे शिकलेल्यांनी आपापली गाडी घेऊन यावं, पायाची सवय सुधारून देईन." अक्षर मुद्दाम मोठं काढलं. आता या क्लासात कुत्रंही फिरकणार नाही, असं म्हणत त्या झोपल्या.

पण फळ्याची बातमी रात्रीतच पसरली, आणि सकाळी गल्लीत नऊ गाड्या उभ्या होत्या. कापडदुकानदार तर तावातावाने भांडायलाच आला होता, "माझ्या बायकोची मान दुखते पंधरा वर्षं, ती या धक्क्यांनीच!" बाईंनी त्याची माफी मागितली आणि त्यालाच पहिला घेतला. एकाचाही पाय ऐकेना. दाताचा डॉक्टर दोनदा, पोस्टातली बाई दोनदा, गोगलगाय रजा टाकून आला होता, तो तीनदा.

नवी मुलगी केव्हाची फळ्याखाली उभी होती. बाई तिच्याजवळ गेल्या. "समोरच्या क्लासात जा तू. माझ्याकडे आता गाडीही नाही आणि नावही नाही."

"पण हे सगळे आलेत ना," मुलगी म्हणाली. "आणि यांच्यापेक्षा मी लवकर शिकेन. माझा पाय कोरा आहे."

मग बाईंनी गोगलगायला त्याच्याच गाडीत मागे बसवलं, मुलीला स्टिअरिंगवर, आणि स्वतः आपल्या जागेवर बसल्या. गाडी धापा टाकत गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"ब्रेक," बाई म्हणाल्या.

मुलीने एकदाच दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवर गोगलगायचा पाय मात्र दोनदा हलला.