हाडात रुतलेली घाटावरची गारगोटी

मित्रांनो, मी बाणाचे एक जुने टोक आहे. लोखंडाचे नव्हे, गारगोटीचे. बोटाच्या पेराएवढे, मधाच्या रंगाचे. माणसाला लोखंड ठाऊक नव्हते, तेव्हा घाटावरच्या एका नदीकाठी कोणीतरी मला छिलून धार आणली. मग कोणाच्या तरी झोळीतून मी घाट उतरले.

खाली समुद्रकाठच्या एका माणसाने सुके मासे देऊन मला घेतले. तिथला जांभा दगड ठिसूळ, माझ्यासारखी धार त्याला येत नसे. त्यामुळे माझे फार कौतुक झाले. पण त्याच माणसाने एका सकाळी भांडणात मला आपल्या शेजाऱ्यावर सोडले. त्या शेजाऱ्याच्या धापा मी आतून ऐकल्या. मग त्या थांबल्या. वाळूने आम्हा दोघांना झाकून टाकले.

हजारो वर्षांनी, १९३१ साली, गुहागरजवळच्या एका वाडीत कमळा नावाची विधवा माडाच्या रोपासाठी खड्डा खणत होती. शिंपल्यांच्या वाळूत तिला हाड लागले आणि हाडात मी. त्याच आठवड्यात तिच्या शेजारच्या दादूचे दोन बैल मेले होते. वाडी आधीच धास्तावलेली. मला हात लावायला कोणी धजेना. शाळेचे रावजी मास्तर आले, मला निरखून सरळपणे म्हणाले, "हा दगड आपल्याकडचा नव्हे. घाटावरचा आहे."

तेवढे पुरले. विहिरी खणायला घाटावरून आलेला शिवा, बायको मैना आणि तान्ह्या मुलासह वाडीबाहेरच्या खोपटात राहत होता.

"म्हणजे ही करणी शिवाची," दादू म्हणाला. "माझे बैल त्यानंच मारले."

हाड फार जुने आहे, असे मास्तर सांगत राहिले. कोणी ऐकले नाही. माणसे कोयत्या घेऊन निघाली. दादूने मला हाडासकट मुठीत धरले होते. त्याची बोटे आवळत चालली होती. मला सोडणाऱ्याची बोटेही अशीच आवळली होती.

शिवा दारात उभा राहिला. आत मैनेने मुलाला छातीशी घट्ट धरले होते. तेवढ्यात कमळा धावत आली आणि शिवापुढे उभी राहिली.

"दादू, तुझी कोयती कुठली?"

"रत्नागिरीच्या बाजारातली."

"मग उद्या तू कोणाला मारलास, तर रत्नागिरीवाल्यानं मारला म्हणायचा काय?"

दादूने हातातल्या कोयतीकडे पाहिले.

"दगड घाटावरचा म्हणून मारणारा घाटावरचा कसा? आणि हाड माझ्या जमिनीत मिळाला. करणी शोधायची तर आधी मला धरा."

ती खरे बोलत होती, हे तिथे फक्त मला ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते.

दादूची कोयती हळूहळू खाली आली. माणसे पांगली. पण शिवाला तिथे राहवेना. दिवस मावळायच्या आत तो बायको-मुलाला घेऊन, विहीर अर्धी टाकून घाटाच्या वाटेला लागला. कमळा वेशीपर्यंत पोचवायला गेली.

मास्तरांनी मला शाळेच्या कपाटात ठेवले. शेजारी चिठ्ठी ठेवली. पहिली ओळ: 'दगड घाटावरचा.' दुसरी: 'मारणारा कोण, ठाऊक नाही.'

मित्रांनो, चिठ्ठी आता पिवळी पडली आहे. कपाट कोणी उघडले की मी अजून भिते. तुम्ही आलात तर मला जपून हाताळा, मी कुठून आले ते जरूर विचारा. पण पहिली ओळ वाचून परत फिरू नका.