आवाज बंद करून

"काका, आमच्या लग्नाचा व्हिडिओ मुका झालाय!" फोनवरची नवरी रडकुंडीला आली होती. "वरातीपासून पुढं नुसती तोंडं हलतायत."

विलास घरतने कपाळाला हात लावला. शिळफाट्यावरच्या त्याच्या स्टुडिओतून गेलेला या मोसमातला हा तिसरा व्हिडिओ. सिनेमातलं गाणं लावायचं, यूट्यूबवर चढवायचं, आणि आठ दिवसांत गाण्याच्या मालकांनी आवाज बंद करायचा. सीडीच्या काळात कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

समोरच्या दुकानातल्या जितेशचे व्हिडिओ मात्र धडधाकट होते. त्याने काढलेली खालापूरची एक हळद तर दीड लाख लोकांनी पाहिली होती. विलासला आकडा पाठ होता, कारण तो दिवसातून चारदा बघायचा. बघायचा तोही आवाज बंद करून. आपण जितेशचं काम बघतो हे बायकोला, छायाला, कळायला नको. कॅमेरा कुठे वळला ते बघायचा, हळदीचा रंग कसा उठलाय ते बघायचा आणि मनसोक्त जळायचा. कालच चौक गावच्या पाटलांनी मुलीच्या लग्नाचं काम जितेशला दिलं होतं. त्या घरातली तीन लग्नं विलासने काढली होती.

छाया डबा घेऊन आली तेव्हा तो कॉम्प्युटरला नाक लावून बसला होता.

"जेवा आधी."

"थांब गं. त्या जितेश्याची तक्रार टाकतोय. माझी गानी बंद होतात, याची कशी नाय होत? ढापलेलंच असनार कुठलंतरी."

छाया डबा सोडत राहिली.

गाणं कुणाचं, असं यूट्यूबच्या तक्रारीच्या अर्जात विचारलं होतं. आता ऐकणं भाग होतं. विलासने पहिल्यांदाच आवाज चढवला.

हळदीचं गाणं होतं. एकट्या बाईचा आवाज, जरासा खरखरीत, ओळीच्या शेवटी हळूच खाली उतरणारा. विलासचा हात माऊसवरच राहिला. हा आवाज त्याने तेवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नात ऐकला होता. सासू मांडवात धवले, लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणत होती, आणि हळद लागलेली नवरी न राहवून मागून सूर धरत होती. त्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर पुढे त्यानेच सिनेमातलं गाणं चढवलं होतं.

"ह्ये... तू?"

"आईची गानी. त्यांचा मालक कुनीच नाय. आपल्या भाग्यश्रीनं मोबाईलवर भरून घेतली. फुकट वापरायला गानी ठेवतात ना, तिथं टाकली. कुनीबी घ्या, खाली नाव लिवा, येवढीच अट."

"लेकीनं बी नाय सांगितलं? आन् तू?"

"सांगितलं की. पाटलांच्या थोरल्या सुनेच्या टायमाला. तुमी म्हनलात, डीजेच्या जमान्यात ह्ये रडगानं कोन ऐकंल?"

म्हणाला होता. आत्ता आठवलं. जितेशचा कॅमेरा, त्याचे रंग, त्याचे दीड लाख, सगळं विलासने सोसलं असतं. पण घरातल्या आवाजाची किंमत त्या माणसाला आधी कळली, हे काही सोसेना.

त्याने व्हिडिओखालचा मजकूर उघडला. आजवर तिथपर्यंत तो कधी गेलाच नव्हता. 'गायन : छाया विलास घरत.'

अर्ज अर्धवट भरलेला होता. तो त्याने बंद केला.

"त्या मुक्या व्हिडिओला... मी लावू?"

"मला कशाला इचारताय? सगळ्यांना मोकळं हाय." तिने भाकरीवरचा कपडा बाजूला केला. "नाव तेवढं लिवा."

ती गेल्यावर त्याने गाणं उतरवून घेतलं आणि त्या नवरीच्या व्हिडिओतल्या हलत्या तोंडांखाली बसवलं. मग नाव लिहायला घेतलं. 'छाया' लिहिलं आणि थांबला. पुढचं 'विलास' लिहिताना त्याला लाज वाटली. पण नाव दिलंय तसंच द्यायचं, अशी अट होती.