ओल्या गोणपाटाचे पडदे

त्या घरात उन्हाळ्याची पहिली तक्रार दरवर्षी सासूबाई करायची. सासूबाई म्हणजे कोंबडी. तांबडी, अंगाने भरलेली, डुलत डुलत चालणारी आणि बाकीच्या तिघींना सतत धाकात ठेवणारी. नाव घड्याळजीच्या बायकोने ठेवले होते. "आईला कळलं तर रुसेल," असे घड्याळजी एकदा भीत भीत म्हणाला, तेव्हा ती म्हणाली होती, "का हो? नाव सार्थ करते की बिचारी."

आता ती काहीच म्हणत नव्हती. हिवाळा सरता सरता एका सकाळी तिच्या हातातून दाण्यांचे भांडे निसटले आणि तिचे उजवे अंग आणि वाचा दोन्ही गेली. घड्याळजीने तिचा पलंग परसाकडच्या खिडकीशी ओढून घेतला. तिथून खुराडे दिसे. अंडे घातले की सासूबाई साऱ्या आळीला ओरडून सांगे, आणि त्या कलकलाटाला बायकोचा डावा हात चादरीवरून जरासा उचलला जाई. बाकी कशाने तो आपणहून हलत नसे. डॉक्टरांच्या हाकेने नाही, घड्याळजीच्याही नाही. त्यामुळे दुकान बंद ठेवून तो रोज त्या कलकलाटाची वाट बघत बसे.

कोंबड्यांतले त्याला ओ की ठो कळत नव्हते. त्याचे सारे आयुष्य डोळ्याला भिंग लावून गेले होते. त्याच्या धंद्यात एकच गोष्ट जपायची असते: फट राहता कामा नये. फटीतून धूळ शिरते आणि एवढ्याशा कणाने चाक अडते. घड्याळाचे झाकण लावले की तो कडेने नख फिरवून बघे. नख अडले नाही, की काम झाले.

त्या दिवशी सकाळपासूनच वारा भट्टीतून आल्यासारखा वाहत होता. दुपारी मेव्हणी जेवणाचा डबा घेऊन आली आणि परसात डोकावून म्हणाली, "भावोजी, त्या बघा कशा करताहेत!"

चौघीजणी चोची वासून, पंख अंगापासून सोडून धापा टाकत होत्या.

"उन्हाळ्यात ही काय करायची गं यांचं?" घड्याळजीने घाबरून विचारले.

"मला काय विचारता? मी कोंबडी ताटात आल्यावर ओळखते." मग तिने कपाळावर बोट टेकवले. "गोणपाटं ओली करून टाकायची बहुतेक खुराड्यावर. हो, टाकायची."

"नक्की कशी टाकायची?"

"अहो, गोणपाटच ते! त्याला काय काटे बसवायचेत? टाका आणि जेवून घ्या."

ती गेली. घड्याळजी जेवला नाही. उन्हात भटकू नयेत म्हणून त्याने चौघींना आत घालून दार लावले. पाण्याचे पसरट भांडे भरून ठेवले. गोणपाटे भिजवली आणि चारी बाजूंनी सोडली, कोपरे सुतळीने आवळले. जाळीच्या खालून गरम झळ आत जात होती, तिथे जुन्या धोतराच्या चिंध्या कोंबल्या. मग सवयीने कडेकडेने नख फिरवले. नख कुठेच अडले नाही. किती तरी दिवसांत आपल्या हातून एवढे नेटके काम झाले नव्हते, असे त्याला वाटले.

आत आला तर बायकोचा हात हलत होता. आज कलकलाट नसतानाही. ती खिडकीच्या चौकटीवर थापा मारत होती, मग तळवा बाहेरच्या दिशेने ढकलत होती. घशातून खरखर येत होती. घड्याळजीला आनंदाने काय करू नि काय नको झाले.

"ऊन लागतंय का? थांब, थांब हं."

त्याने खिडकी ओढून घेतली, कडी घातली, पडदा सारला. थापा आता भिंतीवर पडू लागल्या.

"अगं, लावली ना. पड शांत."

थोड्या वेळाने हात थांबला. आपल्याला तिचे कळले, या समाधानात घड्याळजी खुर्चीत बसून राहिला. सासूबाईची वेळ टळून गेली. गारव्याला झोपल्या असतील, त्याला वाटले.

ऊन कलल्यावर मेव्हणी रिकामा डबा न्यायला आली. परसातून तिची हाक आली. "भावोजी!" नुसती तेवढीच.

तिने गोणपाट उचलले होते आणि आतून उकळत्या पातेल्यासारखी वाफ येत होती. तिघी एका बाजूला आडव्या पडल्या होत्या, चिंध्या कोंबल्या होत्या तिथेच. सासूबाईच्या चोचीत धोतराचे दोरे अडकलेले होते. चौथी, जिला कुणी दाण्यापाशी उभे राहू देत नसे ती भित्री, पाण्याच्या भांड्यात पाय बुडवून थरथरत उभी होती.

"चारी बाजूंनी कशाला?" मेव्हणी रडायला लागली. "ताई उन्हाच्या बाजूलाच टाकायची हो. बाकीच्या उघड्या. वारा लागायला हवा ना त्यांना! मला आत्ता आठवतंय, मेलीला, आत्ता!"

घड्याळजीला तो बाहेर ढकलणारा तळवा दिसत होता.

आत जाऊन त्याने पडदा बाजूला केला, कडी काढली, खिडकी सताड उघडली. न उघडता राहता आले असते. मेव्हणी तसे खुणावतही होती.

"तू उघडा म्हणत होतीस," तो म्हणाला. "मी लावली."

बायकोने खुराड्याकडे पाहिले. बराच वेळ. मग त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर तो तिच्यापाशी बसू शकला असता.

त्यानंतर तो सगळे रीतसर करी. गोणपाट एकाच बाजूला, पाणी सावलीत आणि वरचेवर बदललेले, झाडाखालची माती शिंपडून ओली केलेली. भित्री तिथे पोट टेकून बसे. ती अंडे घाली, पण मुकाट्याने, कुणाला कळू न देता.

हात चादरीवर पडून असे.

एका दुपारी आळीत चिटपाखरू नाही असे बघून घड्याळजी खुराड्यापाशी उभा राहिला. कधी कुणाला मोठ्याने हाक न मारलेला तो माणूस, मान ताठ करून सासूबाईसारखा ओरडला. आवाज चिरकला. भित्री दचकून भांड्याआड पळाली. शेजारची एक खिडकी उघडली आणि हळूच मिटली.

त्याने पलंगाकडे पाहिले. हात हलला नव्हता. त्याने घसा खाकरला आणि पुन्हा सुरुवात केली.