घाम न फुटणारी वडी

चौदाव्या वडीलाही घाम फुटला, तेव्हा चारुशीलाने थाळी उचलली आणि सगळं थेट मोरीत ओतलं. तोंडाला लावायची वडी ती, पण सकाळी बघावं तर स्वतःच घामाघूम! भोवती पाण्याचं तळं आणि मध्ये मेणाचा केविलवाणा गोळा.

दुसऱ्या महायुद्धाचं चौथं वर्ष चाललं होतं. सांगलीच्या बाजारात पत्र्याच्या डब्या मिळेनात, आणि काचेच्या बाटल्या तर औषधालाही नाहीत. मग चेहऱ्याचं मलम भरायचं कशात? चारुशीलाच्या डोक्यात आलं, डबीच नको. साबणासारखी घट्ट वडी करायची, कागदात गुंडाळायची आणि गालावरून फिरवायची. नुसतं मेण आणि तिळाचं तेल घेतलं की वडी छान धरायची, पण तोंड तळणीतून काढल्यासारखं दिसायचं. तिला हवा होता वाळ्याच्या पाण्याचा गारवा, तोही घट्ट वडीच्या पोटात. आणि तेल-पाणी म्हणजे सवती, एका घरात नांदतील तर शपथ! टाकणखार घालून झाला, डिंक घालून झाला. संध्याकाळी शहाण्यासारख्या बसलेल्या वड्या उजाडेपर्यंत रडायला लागायच्या.

गेल्या वर्षी साताऱ्याच्या महिला मंडळाच्या स्वदेशी प्रदर्शनात याच वड्यांनी दुपारपर्यंत टेबलावरचा कागद भिजवला होता, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. यंदा मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, सांगूनच टाकलं, "सूनबाई, हे शेवटचं. साताऱ्यात वडी टिकली तर मागची खोली तुमची. नाही तर तिथली चूल मोडू, हळदीची पोती तरी राहतील." प्रदर्शन नऊ दिवसांवर आलं होतं. स्वयंपाकघरातल्या चुलीवर चारुशीला सगळ्या घराची होती. मागची ती वीतभर चूल तेवढी तिची एकटीची, आणि तीच जायची वेळ आली होती.

त्याच दुपारी दगडाबाई मामंजींचं घोंगडं घेऊन आली. जतकडची धनगरीण, दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या रानात उतरायची. घोंगडं घेताना तिचा तळवा हाताला लागला आणि चारुशीला चमकली. पन्नाशीची, उन्हातान्हात हिंडणारी बाई, आणि तळवा लोण्यासारखा!

"हाताला काय लावता हो, दगडाबाई?"

"म्या? काय बी न्हाई. आवं, कातरण चाललीया. लोकरीचा चिकटा बसतोय हाताला. मेंढरू पावसात उभं ऱ्हातं, ते कशाच्या जीवावर? तो चिकटा पानी धरून ठेवतोय, आत जाऊ देत न्हाई."

"काय म्हणालात? पाणी धरतो?"

"व्हय की. लय धरतोय."

दुसऱ्या दिवशी दगडाबाईने लोकरीचं गाठोडंच आणून टाकलं. चारुशीलाने मिठाच्या पाण्यात लोकर उकळली आणि वर पिवळसर तवंग आला, थेट तुपासारखा. घरभर असा वास सुटला की मामंजी नाकाला उपरणं लावून गणपतीच्या देवळात जाऊन बसले. तिने ते तूप गाळलं, गरम पाण्याने धुतलं, पुन्हा गाळलं, पुन्हा धुतलं. सात वेळा धुतल्यावर मेंढरू उरलं नाही, नुसतं तूप उरलं.

मग त्यात पातळ केलेलं मेण आणि तेल घालून तिने वाळ्याचं पाणी चमच्याने सोडायला घेतलं. एक चमचा, घोटलं, पाणी दिसेना. दुसरा, तोही गडप. पाचवा गेला, सहावा गेला, आणि सातव्याला ती दारात टेकलेल्या दगडाबाईकडे बघून ओरडलीच, "दगडाबाई, पितंय! हे पाणी पितंय!"

"पिऊ द्या की. उनाळा हाय."

सकाळी वडी कोरडी ठणठणीत! गालावर फिरवली तर गारेगार. चारुशीलाला काय करू आणि काय नको असं झालं. तिने वडी बघायला आलेल्या दगडाबाईचे दोन्ही हात धरले आणि परसात अशी गरगर फुगडी घातली की कोंबड्या कुंपणाबाहेर पळाल्या.

"साताऱ्याला तुम्ही यायचंच. निम्मी वडी तुमची आहे."

"आनि मेंढरं?" दगडाबाईने विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "बगतील घरधनी. बसल्यात की रिकामं."

साताऱ्याला जाताना कोळशावर चालणारी सर्विस मोटार उंब्रजला दोन तास बंद पडली. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. चारुशीलाने मांडीवरची टोपली चारदा उघडली. माणसं घामाने निथळत होती, पण वडीवर थेंब नाही! पाचव्यांदा उघडायला गेली तेव्हा दगडाबाईने झाकणावर हातच ठेवला.

प्रदर्शनात दुपार कलली तरी टेबलावरचा कागद कोरडा होता. मंडळाच्या अध्यक्षा अनसूयाबाई आल्या. मूळच्या वाईच्या, सोवळ्याओवळ्याला कडक. त्या नाक मुरडतील ते साताऱ्यातली एकही बाई घरात आणत नसे. त्यांनी वडी मनगटावर फिरवली.

"अगं, किती गार! आणि तेलकट नाही. घातलंयस तरी काय?"

भोवती बायका दाटल्या. जडीबुटी म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण दगडाबाई शेजारी उभी होती, आणि तिच्यादेखत तिचंच नाव गाळायचं चारुशीलाला जमेना.

"मेण, तिळाचं तेल, वाळ्याचं पाणी आणि लोकरीचं तूप. मेंढीच्या लोकरीचं. ते या दगडाबाईंनी दाखवलं."

"अगंबाई, चरबी!" कुणीतरी किंचाळलं. पुढे आलेले हात मागे गेले. एकीने पदराने गाल खसाखसा पुसला. अनसूयाबाईंनी वडी खाली ठेवली आणि त्या मनगटाकडे बघत राहिल्या. वडी टिकली होती आणि चारुशीलाच बुडाली होती.

दगडाबाई पुढे झाली. "आवं आक्का, मेंढरू मारल्यालं न्हाई, कातरलंया. जित्तं हाय, चरतंय तिकडं. तुमी सोवळ्यात काय नेसता वो?"

"धाबळी," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

"धाबळी कशाची असती?"

"लोकरीची," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमच्या मेंढराची लोकर नेसून तुमी देवाला शिवता. तवा बाटत न्हाई. मग तिचंच तूप तोंडाला लागलं तर काय बिघडलं?"

अनसूयाबाईंनी पुन्हा मनगटाकडे बघितलं. मग त्यांना हसू आलं, आधी ओठात, मग पोट धरून. "तीस वर्षं धाबळी नेसून नैवेद्य करतेय मी. कुणाच्या अंगावरून येते ते काही कधी विचारलं नाही बाई!"

त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि गाल पुढे केला. चारुशीलाने घाईने वडी उचलली.

"तू नको गं. दगडाबाई, तूच लाव."

दगडाबाईने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि वडी घेतली. अनसूयाबाईंनी डोळे मिटले. मागून एकीने "मग मलाही," म्हटलं, तशा बायका पुन्हा टेबलाशी दाटल्या. आपली चूल आता कुणी मोडत नाही, हे चारुशीलाला कळलं आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. अनसूयाबाईंना गुदगुल्या झाल्या, त्यांनी मान वळवली.

"हालू नगा, आक्का," हनुवटी धरून दगडाबाई म्हणाली. "मेंढरू बी येवढं हालत न्हाई."