रंगुबाईचं खुराडं

नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं माहेरात काय असतं? घर भावाचं, चूल भावजयीची. रंगुबाईच्या मालकीच्या फक्त कोंबड्या होत्या. घोडेगावच्या बाजाराला जाणारा गनीभाई सायकल थांबवून तिची अंडी न्यायचा. त्यात तिची मिशरी निघायची, साबण निघायचा. कुणापुढं हात पसरावा लागत नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात जनावरं छावणीला गेली, माणसं खडी फोडायला गेली, पण कोंबड्या किडामुंगी वेचून जगल्या.

त्याच साली तिच्या भावानं, आसारामनं, गळ्यात माळ घातली. कालपर्यंत ह्याच कोंबड्यांच्या तंगड्या ओरपत होता. माळ घालायला माझी ना नाही. पण माळ घातली की आधी दुसऱ्याचंच पाप दिसायला लागतं, हे या गावात मी पुष्कळदा पाहिलंय.

त्याच्या पोरीला बघायला सुप्याचे पाहुणे येणार होते. तेही माळकरी.

"रंगे, कोंबड्या गनीभाईला देऊन टाक," आसाराम म्हणाला. "माळकऱ्याच्या दारात खुराडं? लोक तोंडात शेण घालतील."

"आन् मी काय करू, दादा? साबनाच्या वडीला वैनीच्या तोंडाकडं बघू?"

"मंग खुराडं दिसता कामा न्हाई. दिसलं तर कुदळ घालीन."

रंगुबाईनं ते मनावर घेतलं. पत्र्याच्या डबड्यांचं जुनं खुराडं मोडलं आणि माती कालवली. पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, त्यावर चौकोनी अंग. आत कोंबड्यांना बसायला बाभळीच्या काठ्या, तळाला राख, पिसवा होऊ नयेत म्हणून. वारा खेळायला जाळी हवी होती, ती गनीभाईच्या बायकोनं, शेजारच्या मुबारकबीनं, दर्ग्याच्या खिडकीसारखी ओल्या मातीत कोरून दिली. दार मागं, भिंतीच्या अंगाला. माथ्यावर खोलगट आळं, कोंबड्यांना धुळीत लोळायला. वरून नीळ घातलेला चुना, कडेनं गेरूचे पट्टे, आणि पट्ट्यांत बसवलेले फुटक्या बांगड्यांचे तुकडे.

"अगं, कोंबडीचं घर हाय का पिराची मजार?" मुबारकबी हसली. "उद्या लोक चादर घेऊन येतील."

"येऊ दे की. चादर मी पांघरीन."

रंगुबाईच्या हाताला एकच देखणा आकार ठाऊक होता, आईच्या तुळशीवृंदावनाचा. तोच उतरला. आसारामनं येऊन पाहिलं, ओळखलं, आणि म्हणाला, "हां, आता शोभतंय दाराला." लबाडी त्याला चालली. कोंबडी चालत नव्हती.

पाहुणे आले त्या सकाळी भावजयीनं, बनुबाईनं, कोंबड्या आत कोंडायला लावल्या. नवऱ्या मुलाची चुलती आक्काबाई अंगणात उतरली. पाय धुवायला दिलेल्या तांब्यातलं अर्धं पाणी तिनं राखलं आणि थेट त्या वृंदावनाकडं गेली. त्या साली गावोगावच्या तुळशी जळाल्या होत्या, रिकाम्या आळ्याचं तिला काही वाटलं नाही. तिनं पाणी घातलं, पिशवीतली डबी काढून हळदकुंकू लावलं, डोकं टेकवलं. आसाराम चार हातांवर उभा होता. एक शब्द बोलता आला असता. बोलला नाही.

पाणी कच्च्या मातीतून झिरपून आत पडलं. असा कालवा उठला की बस! कोंबडा गळा फाडून आरवला, जाळीशी लाल तुरा दिसला.

"अगं बया!" आक्काबाई मागं सरली. "ह्यात कोंबड्या हायेत?"

"हिनं केलं! मला काय म्हाईत!" आसाराम कुदळ घेऊन धावला.

रंगुबाई आडवी आली. "कुंकू लागलंय त्याला. घाल कुदळ!"

कुदळ वरच्या वर थांबली. मग त्याला सुचलं. "बरं. आता ते देवाचं झालं. मंग कोंबड्या काढ. आत्ताच्या आत्ता."

पाहुण्या पुरुषांनी माना डोलावल्या. कसं सोपं झालं सगळं!

रंगुबाईनं पदराचं टोक ओलं केलं आणि सगळ्यांदेखत ते हळदकुंकू पुसून काढलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. कुंकू पुसते, आणि तीही टाकलेली बाई!

"देवाला गावभर जागा हाय," ती म्हणाली. "ह्यांना येवढीच."

"आक्का, माफी असावी, ही आमची बहीन म्हंजे..." आसाराम पुढं झाला.

"तू गप," आक्काबाई म्हणाली. "मी डोकं टेकवलं तवा दातखीळ बसली हुती व्हय तुझी? तिनं पुसलं, बरं केलं. न्हाईतर खुराड्याला कुंकू लावलं, हे घासागनिक मला आठवलं असतं." मग तिनं बांगडीच्या एका तुकड्यावरून बोट फिरवलं. "हात लई गोड हाय गं तुझा. आमच्याकडं चूल घालून देशील?"

"देईन की. कोंबड्या घेऊन येईन पन."

"आमचं घर माळकऱ्याचं हाय."

"मंग चुलीचं माप सांगा, इथनंच करून धाडते."

आक्काबाईला हसू आवरेना. आसारामनं कुदळ गोठ्यात नेऊन टाकली. सोयरीक जमते की नाही, ते पुरुष आत बसून ठरवणार होते.

"वन्सं, पंगत बसली! वाढायला या!" बनुबाईनं हाक दिली.

रंगुबाई मागच्या दाराशी बसून एकेक कोंबडी बाहेर घेत होती.

"भिजल्यात बिचाऱ्या," ती तिथूनच ओरडली. "पिसं वाळू द्या, मंग येते."