शून्याचा वॉर्ड

अमरावतीच्या त्या कॅन्सर वॉर्डात दुःख नव्हतं. बाहेर कापसाच्या मुलखात समित्यांमागून समित्या येऊन माणसांचं दुःख मोजून जात होत्या, आणि इथे सगळे रुग्ण शून्यावर होते.

किमोआधी दीपमाला सिस्टर थर्मामीटरचं चित्र दाखवायची. खाली शून्य, वर दहा. आठवडाभरात मनाला किती त्रास झाला, तेवढ्यावर बोट ठेवायचं. चार किंवा जास्त आलं तर नातेवाइकांना बाहेर पाठवून रुग्णाशी निवांत बोलायचं, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण कोणी चारपर्यंत चढतच नव्हतं. वॉर्डात कोणालाच त्रास नाही म्हणून मोठ्या डॉक्टरसाहेबांनी शाल देऊन दीपमालाचा सत्कार केला. तिला संशय आला नव्हता असं नाही. पण संशयाला वेळ लागतो, शून्याला लागत नाही.

अकोटच्या हलीमाबी तर चित्र निघायच्या आधीच शून्य सांगत. छातीतल्या गाठीसाठी त्या मुलीला, गजालाला घेऊन एसटीने येत. त्या दिवशी दीपमाला हातावर शीर शोधत होती आणि हलीमाबी भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. रडतारडताच म्हणाल्या, "झिरो लिव."

गजालाला राहवलं नाही. "अम्मी, खोटं काहून बोलून राहिली?"

"चूप. बुखार निघाला का सलाइन लावत नाई. शकुनले वापस धाडलं होतं."

दीपमालाला आठवलं. मूर्तिजापूरच्या शकुनने नऊवर बोट ठेवलं होतं. त्याच दिवशी तिला खरोखरचा ताप होता, म्हणून किमो पुढे ढकलली. शकुनला परत दीपमालानेच पाठवलं होतं. तेव्हापासून व्हरांड्यातले जुने रुग्ण नव्यांना शिकवत होते: सिस्टरचं थर्मामीटर आलं की शून्य म्हणायचं.

"चाची, हे तापाचं नाई, मनाचं आहे," दीपमाला म्हणाली. "याच्यावर सलाइन थांबत नाई."

हलीमाबींनी तिच्याकडे असं पाहिलं, की सत्कारातली शाल जणू आत्ता तिच्या अंगावर गरम होऊ लागली. "पयले लाव."

दीपमालाने सलाइन लावलं. थेंब पडायला लागले, ते हलीमाबींनी खात्री होईपर्यंत पाहिले. मग बोट दहावर ठेवलं.

"या पोरीनं माह्यासाठी कॉलेज सोडलं. मी पयलेच मेली असती त परीक्षेले बसली असती."

गजालाला बाहेर पाठवायचं राहून गेलं होतं, हे दीपमालाच्या आत्ता लक्षात आलं. प्रशिक्षणात शिकवलेल्यातली तेवढी एकच गोष्ट सोपी होती.

गजाला रडली नाही. तिने आईच्या पायांवरची चादर सारखी केली आणि चित्राकडे हात पुढे केला.

"सिस्टर, मले बी विचारा न."

चित्राच्या कागदावर नातेवाइकांसाठी जागा नव्हती. दीपमालाने तो उलटा करून पलंगावर ठेवला, स्टूल ओढलं आणि विचारलं.